इंजिनाचा ब्लॉक : आधी माप, मग सौदा

मोटारीचे इंजिन उघडून टेबलावर मांडले तर शेकडो भाग निघतात. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, क्रँक, हेड. यांतला कोणताही भाग बदलला तरी गाडीच्या नोंदणी पुस्तकातले एक अक्षरही बदलत नाही. याला अपवाद एकच, तो म्हणजे ब्लॉक. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. सरकार त्याच क्रमांकाने इंजिन ओळखते आणि विमा कंपनीही त्याच क्रमांकाने ओळखते. शिवाय बाकीचे सारे भाग ज्याच्या आधाराने उभे राहतात तो पायाही हाच. पाया तिरका तर घर तिरके.

असे असूनही आंब्याची पेटी तळापर्यंत उपसून पाहणारा माणूस ब्लॉक घेताना मात्र दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबतो. "चांगल्या गाडीचा आहे, कमी चाललेला आहे," एवढे ऐकून तो पैसे मोजतो. मीही असेच पैसे मोजले आणि एकाच कामासाठी दोनदा खर्च केला. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले. माझे मत थोडक्यात असे आहे की रोज धावणाऱ्या जुन्या गाडीसाठी ब्लॉक निवडताना पहिला विचार आपल्याच जुन्या ब्लॉकचा व्हावा. तो खरोखर गेला असेल तरच त्याच जातीचा दुसरा ब्लॉक घ्यावा, आणि तोही माप आणि कागद हातात आल्यावरच. मोठ्या, नामांकित किंवा 'इम्पोर्टेड' इंजिनाचा मोह टाळलेला बरा.

गाडी जुनी, पण पळणारी

माझी गाडी २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक. ही सिटी भारतात १९९८ साली आली. ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात ती तयार होत असे. सुरुवातीला १.३ आणि १.५ लिटर अशी दोन इंजिने होती. २००० साली १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन आले, १४९३ घन सेंटिमीटरचे आणि १०६ अश्वशक्तीचे. त्या काळी आपल्या रस्त्यांवर एवढ्या ताकदीच्या सेडान गाड्या मोजक्याच होत्या. २००३ च्या अखेरीस सिटीचे नवे रूप आले तेव्हा त्यात ७७ अश्वशक्तीचे, काटकसरीचे इंजिन बसवलेले होते. साहजिकच जुन्या व्हीटेकला चाहते मिळाले, आणि ते अजूनही आहेत.

व्हीटेकची करामत समजून घेण्यासारखी आहे. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याचे प्रमाण कायम एकच असते. व्हीटेकमध्ये कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात. फेऱ्या कमी असताना लहान उंचवटा काम करतो. फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते, मोठा उंचवटा कामाला लागतो, व्हॉल्व्ह अधिक उघडतात आणि गाडी झेप घेते. म्हणजे हा सारा खेळ तेलाच्या दाबावर चालतो. आणि तेलाचा दाब टिकतो तो ब्लॉकमध्ये क्रँकच्या बेअरिंगांची फट नेमकी असेल तरच. बेअरिंगे झिजली की दाब उतरतो, दाब उतरला की खीळ सरकत नाही आणि १०६ अश्वशक्ती कागदावरच राहते. गाडीचा वेग हेडमध्ये दिसतो, पण त्याचे मूळ ब्लॉकमध्ये आहे.

मी ही गाडी शौकासाठी घेतली नव्हती. चष्म्याच्या फ्रेमचा घाऊक माल मुंब्र्याहून कल्याण, भिवंडी, पनवेल अशा ठिकाणच्या दुकानांत पोहोचवणे हा माझा धंदा. गाडी घरी उभी राहिली की त्या दिवशीची वसुली राहते. वाचकांपैकी अनेकांची स्थिती अशीच असेल, म्हणून पुढील हकीकत सांगतो.

एका दुपारची चूक

२०१६ च्या मे महिन्यात कल्याणहून भिवंडीकडे निघालो होतो. दुर्गाडीच्या पुलाजवळ वाहतूक तुंबलेली. रेडिएटरची खालची नळी फाटली होती, पण मला ते कळले नाही. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला तेव्हा शहाणपण एवढेच होते की गाडी तिथेच बंद करावी. मी मात्र 'पुढे सावलीत थांबू' म्हणून आणखी दोन-तीन किलोमीटर रेटली. शेवटी एक कर्कश आवाज झाला आणि इंजिन थांबले. टोचन करून गाडी मुंब्र्याला आणावी लागली.

आमच्या उस्तादांनी हेड उतरवले. हेड गॅस्केट जळाले होते आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडले होते.

"उस्ताद, आता काय?" मी विचारले.

"भाई, माप घेतल्याशिवाय मी काही सांगणार नाही. लेथवाल्याकडे ब्लॉक पाठवू. दोन दिवस लागतील."

मला दोन दिवस थांबण्याची तयारी नव्हती. ईदचा महिना तोंडावर आला होता, दुकानदारांच्या मागण्या वाढल्या होत्या. एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे त्याच गाडीचा ब्लॉक पिस्टनसह तयार होता. तो म्हणाला, पन्नास हजार किलोमीटर चाललेला आहे. मी अठ्ठावीस हजार दिले. उस्तादांनी नाराजीने तो बसवला. माझा मूळ ब्लॉक त्यांनी बाकाखाली सरकवून ठेवला. "विकू नका, पडू द्या," एवढेच ते म्हणाले.

दोन महिन्यांत गाडी तेल पिऊ लागली. सकाळी चालू करताना निळा धूर निघायचा. चढावर व्हीटेकची ती ओळखीची झेप येईनाशी झाली. इंजिन पुन्हा उतरवले. या वेळी दोन्ही ब्लॉक लेथवाल्याकडे गेले. विकत घेतलेल्या ब्लॉकचे चारही बोअर मर्यादेबाहेर झिजलेले निघाले. आणि मी टाकून दिलेला माझा ब्लॉक? त्याचा वरचा पृष्ठभाग थोडा वाकला होता, एक बोअर ओरखडला होता, पण दोन्ही दोष दुरुस्त होण्यासारखे होते. तोच ब्लॉक पाव मिलिमीटर बोअर करून, पृष्ठभाग सपाट करून, नव्या पिस्टन-रिंगांसह पुन्हा बसला. आज दहा वर्षे होत आली, गाडी त्याच ब्लॉकवर चालते आहे.

दहा मिनिटांचे माप वाचवण्यासाठी मी अठ्ठावीस हजार आणि दोनदा इंजिन उतरवण्याची मजुरी घालवली. व्यापाऱ्याने खोटे सांगितले असेलही. पण मी विचारलेही नाही, हा दोष माझा.

माप काय सांगते

ब्लॉक बरा की वाईट हे डोळ्यांना कळत नाही. पुसून, घासून, चंदेरी रंग मारून ठेवलेला ब्लॉक कोणाचाही असो, नवाच दिसतो. त्याचे खरे बोलणे मापातून येते.

पहिले माप बोअरचे. सिटीच्या या इंजिनाचा बोअर ७५ मिलिमीटरचा. नव्या ब्लॉकमध्ये तो ७५.०० ते ७५.०२ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. ७५.०७ च्या पुढे गेला की तो झिजला असे समजायचे. म्हणजे चांगला आणि टाकाऊ यांत फरक केसाच्या जाडीएवढासुद्धा नाही. हे बोटाने चाचपून कळणार कसे? त्यासाठी बोअर गेज लागतो. सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर आडव्या-उभ्या अशा दोन दिशांनी माप घ्यावे लागते. एका सिलिंडरची सहा मापे, चार सिलिंडरची चोवीस. रिंगा वरच्या टोकाला उलटतात, तिथे उष्णता आणि दाबही सर्वांत जास्त, म्हणून झीज वर अधिक आणि खाली कमी होते. वरच्या आणि खालच्या मापात ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर नुसत्या नव्या रिंगा घालून काम भागत नाही. माझ्या खरेदीच्या ब्लॉकमध्ये हेच झाले होते.

दुसरे माप वरच्या पृष्ठभागाचे, जिथे हेड बसते. त्यावर पोलादी सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजचे पाते सरकवून पाहतात. ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर पृष्ठभाग घासावा लागतो. हे घासणेही बेताने हवे. जास्त घासले की हेड खाली येते आणि कॉम्प्रेशन वाढते. या इंजिनात टायमिंगचा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणजे दोघांमधील जागा आधीच बेताची आहे.

तिसरी परीक्षा तड्याची. इंजिन तापून गेले असेल तर पाण्याच्या वाटा बंद करून ब्लॉकमध्ये दाबाने हवा भरतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. चौथी परीक्षा क्रँकच्या जागांची, त्या एका सरळ रेषेत आहेत का याची. पाचवी, हेडचे बोल्ट ज्या आट्यांत बसतात त्यांची. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने पूर्वी कोणी जोर लावून बोल्ट कसले असतील तर आटे निघून आलेले असतात.

स्लीव्हबद्दल एक शब्द. या ब्लॉकचे अंग ॲल्युमिनियमचे, पण सिलिंडरच्या भिंती ओतीव लोखंडाच्या. त्या मूळ ओतकामातच बसवलेल्या असतात. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवेपर्यंत ठीक. त्यापुढे भिंत पातळ होते आणि नवी स्लीव्ह बसवण्याची वेळ येते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे सैल बसवलेली स्लीव्ह थंड असताना घट्ट वाटते आणि इंजिन तापले की खाली सरकते. हे काम जाणकाराचेच आहे. कोपऱ्यावरच्या लेथवर ते करून घेऊ नये. रोजच्या गाडीला त्यापेक्षा त्याच जातीचा दुसरा चांगला ब्लॉक बरा.

जुन्या बाजारातला ब्लॉक

आपला ब्लॉक फुटला असेल, कनेक्टिंग रॉड भिंत फोडून बाहेर आला असेल, तर दुसरा घेणे भागच आहे. वीस-बावीस वर्षे जुन्या गाडीचा नवा ब्लॉक कंपनीकडून मिळण्याची आशा धरू नये. मग उरतो जुना बाजार. मुंबईत कुर्ल्याचा, दिल्लीत मायापुरीचा, चेन्नईत पुदुपेट्टैचा. या बाजारांना नावे ठेवण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. हजारो गाड्या या बाजारांच्या जोरावर चालतात आणि हजारो घरेही. पण तिथे जाताना डोळे उघडे हवेत.

पहिली फसगत १.३ आणि १.५ ची होते. दोन्ही इंजिनांचा बोअर एकच, ७५ मिलिमीटर. फरक आहे तो पिस्टनच्या धावेत. १.३ मध्ये ती ७६ मिलिमीटर आणि १.५ मध्ये ८४.५ मिलिमीटर. म्हणून वरून वाकून पाहिले तर चार भोके अगदी सारखी दिसतात. फरक क्रँकमध्ये, आत दडलेला. पिस्टन वर-खाली फिरवून धाव मोजली तरच कळते. व्हीटेकचा म्हणून घेतलेला माल साध्या १.३ चा निघाल्याच्या तक्रारी यातूनच येतात. कित्येकदा विकणाऱ्यालाही ते माहीत नसते.

दुसरी फसगत बुडालेल्या गाडीची. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी किती गाड्या पाण्यात गेल्या ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात तीच गत झाली. चालत्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले की अनर्थ होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. असे इंजिन पुसून विकायला ठेवले तर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून चारही पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला आणून त्यांची उंची ताडून पाहावी. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला तर रॉड वाकलेला आहे असे समजावे. ब्लॉकच्या अंगावरील पत्र्याची गोल बुचे, बोल्टांची भोके आणि तेलाच्या तळाचे कोपरे यांत चिखलाची माती राहिली आहे का तेही पाहावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी ओतण्याची सवय आहे. कूलंट महाग वाटतो. पण साध्या पाण्याने ॲल्युमिनियम आतून खात जाते आणि क्षारांचा थर वाटा बुजवतो. ज्या भोकांतून पाणी ब्लॉकमधून हेडमध्ये जाते त्यांच्या कडा टॉर्च लावून पाहाव्यात. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसल्या तर तो ब्लॉक घेऊ नये. गॅस्केट तिथे टिकणार नाही.

मोठ्या इंजिनाचा मोह

ब्लॉक बदलायचाच आहे तर मोठाच का बसवू नये, असा विचार तरुणांच्या मनात येतो. १.६ लिटर, १.८ लिटर, परदेशातून कापून आलेल्या गाडीचे इंजिन. बाजारात याला हाफ कट म्हणतात. ऐकायला सारे छान वाटते. त्याच किमतीत जपानी माल आणि दीडपट ताकद!

ज्याची दुसरी गाडी दारात उभी आहे त्याने हौस करावी, पण बंद आवारात करावी. रोजच्या धंद्याच्या गाडीला हा सौदा परवडत नाही. कारणे तीन. पहिले, सुट्या भागांचे. आपल्या जातीच्या इंजिनाचा पाण्याचा पंप, सेन्सर, गॅस्केट ठाण्यात सकाळी मागितले तर संध्याकाळपर्यंत मिळतात. परक्या इंजिनाचा एखादा सेन्सर गेला तर गाडी महिनाभर उभी. दुसरे, जोडकामाचे. इंजिन बदलले की माउंटिंग, ॲक्सल, वायरिंग, संगणक, क्लच, रेडिएटर सारे बदलावे लागते, आणि ब्रेक मात्र जुन्या ताकदीसाठी बनवलेले तेच राहतात. तिसरे कायद्याचे. जुन्या वापरलेल्या मालाच्या आयातीवर आपल्या देशात परवान्याचे बंधन आहे. ज्या हाफ कटचे आयातीचे कागद नाहीत, त्याची नोंद परिवहन कार्यालय कशाच्या आधारावर करणार?

कागद हा सुद्धा सुटा भाग

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ प्रत्येक गॅरेजमध्ये माहीत असायला हवे. कारखानदाराने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. म्हणजे १.५ च्या जागी १.८ बसवणे हे या कलमाच्या आड येते. त्याच जातीचे, त्याच क्षमतेचे इंजिन बसवणे ही वेगळी बाब. त्यातही नवा क्रमांक परिवहन कार्यालयाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी कायद्यात चौदा दिवसांची मुदत आहे.

हे कोणी करते का? फारच थोडे. इंजिन बदलले, गाडी चालू झाली, विषय संपला, अशी आपली समजूत. मग अपघात होतो, विम्याचा माणूस येतो, ब्लॉकवरचा क्रमांक आणि पुस्तकातला क्रमांक जुळत नाही. तिथे दावा अडकतो. माझ्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०१७ मध्ये संपली. नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकांनी इंजिनाचा क्रमांक तपासला तेव्हा माझा मूळ ब्लॉक जागेवर होता. वर्षभर आधी बसवलेला तो दुसरा ब्लॉक तिथे असता, तर मी काय उत्तर देणार होतो? माझ्याकडे त्याची साधी पावतीही नव्हती.

याहून गंभीर बाब चोरीची. चोरीच्या गाड्या कापून विकल्या जातात या आरोपावरून पोलिसांनी कारवाया केल्या आणि मेरठचा प्रसिद्ध सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. त्यात प्रामाणिक व्यापारीही भरडले गेले. ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाखाली दडवलेला दिसला तर किंमत कितीही कमी असो, हात मागे घ्यावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि 'मला माहीत नव्हते' हे पावतीशिवाय सिद्ध करणे कठीण.

म्हणून पावती मागावी. तिच्यावर मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, विकणाऱ्याचे नाव, तारीख आणि रक्कम असावी. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत केंद्रांत गाडी मोडीत काढली की तसे प्रमाणपत्र मिळते. ज्या गाडीचा ब्लॉक आहे तिच्या अशा कागदाची प्रत मिळाली तर उत्तमच.

ब्लॉकआधी पत्रा पाहा

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुनी गाडी विकून नवी का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इंजिनात नाही, पत्र्यात आहे. गाडीच्या खाली जाऊन पाहा. बाजूच्या पट्ट्या, सस्पेन्शनच्या जागा, डिकीचा तळ गंजून सडला असेल तर कितीही चांगला ब्लॉक घाला, ते पडक्या घराला नवे दार लावण्यासारखे आहे. शिवाय सरकारी खर्चही धरावा. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा.

पण पत्रा शाबूत असेल, गाडी आपल्या हातची असेल आणि तिचा मिस्त्री आपला असेल, तर ब्लॉकवरचा खर्च वाया जात नाही. नव्या गाडीचा पाच-सात वर्षांचा हप्ता लहान व्यापाऱ्याची कंबर मोडतो. बँकेचा हप्ता मंदी पाहत नाही. मी हिशेब केला होता. इंजिनाच्या दोन्ही कामांचा खर्च, माझ्या मूर्खपणाच्या अठ्ठावीस हजारांसह, नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्त्यांपेक्षा कमी भरला.

गॅरेजवाल्या बांधवांना दोन शब्द

शेवटी हा विषय धंद्याचा आहे, म्हणून गॅरेजवाल्यांशीही बोलले पाहिजे. मुंबई, ठाणे, पुणे, औरंगाबाद, मालेगाव, कुठेही जा, इंजिन कामाचे हात आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उस्तादाकडून चेल्याकडे ही विद्या आली. कान लावून बेअरिंगचा आवाज ओळखणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. पण गिऱ्हाईक आता कंपनीच्या वर्कशॉपकडे वळत आहे. तिथे काम अधिक चांगले होते म्हणून नव्हे. तिथे कागद मिळतो म्हणून.

हा कागद आपण का देऊ नये? बोअर गेज, मायक्रोमीटर, सरळ पट्टी आणि फिलर गेज एवढी हत्यारे इंजिन काम करणाऱ्या गॅरेजमध्ये असलीच पाहिजेत. इंजिन उघडले की चोवीस मापे एका कागदावर लिहावीत आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यावीत. 'ब्लॉक गेला' असे तोंडी सांगण्याऐवजी 'तिसरा बोअर वर ७५.१४, खाली ७५.०५' असे लिहून दिले की गिऱ्हाइकाला संशय राहत नाही आणि मिस्त्रीलाही वाद घालावा लागत नाही. जुना ब्लॉक विकणाऱ्यानेही हेच करावे. माप लिहून माल विकावा आणि दोष असेल तर तोही लिहावा. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही. लपवून विकलेला माल गिऱ्हाइकाला मात्र कायमचा घेऊन जातो.

पक्क्या बिलाला भिण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिल देणाऱ्या आणि न देणाऱ्या दुकानाच्या किमतीतले अंतर त्यामुळे घटले. ज्यांची उलाढाल लहान आहे आणि नोंदणी नाही त्यांनीही साधी छापील पावती ठेवावी. दहा वर्षांनी आपला मुलगा गॅरेजवर बसेल तेव्हा त्याच्याकडे नुसता हुनर नको, नावही हवे. नाव अशा पावत्यांनीच होते.

आणि गाडीवाल्यांनो, आपल्याकडूनही थोडे पथ्य हवे. काटा लाल रेषेवर गेला की गाडी जिथे असेल तिथे बंद करा. रेडिएटरमध्ये कूलंटच घाला. इंजिन काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर फेऱ्या ताणू नका आणि तेल लवकर बदला. मिस्त्री दोन दिवस मागत असेल तर दोन दिवस द्या. आमच्या उस्तादांनी तेव्हा मागितलेले दोन दिवस मी दिले असते तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

त्यांनी बाकाखाली सरकवलेला तो ब्लॉक भंगारात गेला नाही, हे माझे नशीब. पण प्रत्येकाला असा उस्ताद लाभेलच असे नाही. म्हणून जुना ब्लॉक भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी त्याला एकदा बोअर गेज लावून घ्या.